अटकेनंतरचे संरक्षण : पीडितांसाठी तातडीचे आदेश

गुन्हा घडला, फिर्याद नोंदविली गेली आणि आरोपीस अटक झाली, म्हणजे पीडित व्यक्ती सुरक्षित झाली, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती मात्र तशी नसते. अटक ही तपासातील एक पायरी आहे. अटक केलेल्या व्यक्तीस चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे, असे संविधानाचा अनुच्छेद २२ सांगतो. गुन्हा जामीनपात्र असेल तर पोलीस ठाण्यातूनच जामिनावर सुटका होऊ शकते. कारण अशा गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. गुन्हा अजामीनपात्र असला तरी न्यायालय काही दिवसांत जामीन मंजूर करू शकते. सकाळी ज्या घरातून एखाद्यास पोलिसांनी नेले, त्याच घराच्या दारात तो सायंकाळी उभा राहू शकतो, आणि त्या घरात फिर्याद देणारी स्त्री व तिची मुले असतात.

अटक आणि खटल्याचा निकाल यांच्या दरम्यानचा हा काळ पीडितांच्या दृष्टीने अत्यंत जोखमीचा असतो. फिर्याद मागे घ्यावी म्हणून दबाव येतो, धमक्या येतात, क्वचित पुन्हा हल्लाही होतो. या काळात पीडितास तातडीने संरक्षण मिळावे म्हणून कायद्यात कोणत्या तरतुदी आहेत आणि त्या वेळेवर उपयोगात याव्यात म्हणून कोणी काय करावयाचे, याचा विचार या लेखात केला आहे.

पुण्यातील पार्श्वभूमी

पीडित स्त्रीला आश्रय देण्याची परंपरा पुणे शहरात जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये याच शहरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यास आले. ही सर्व कामे समाजधुरीणांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. घरात होणारी मारहाण ही खाजगी बाब आहे, अशीच त्या काळी आणि त्यानंतरही दीर्घकाळ समाजाची व शासनयंत्रणेची धारणा होती.

ही धारणा बदलण्यास विसाव्या शतकातील आठवे दशक संपावे लागले. १९८२ मध्ये पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंचाची स्थापना केली. छळ सोसणाऱ्या स्त्रियांनी मौन सोडावे, यासाठी मंचाने ‘बोलते व्हा’ हे केंद्र चालविले. देशभर हुंडाबळीविरुद्ध आवाज उठत असतानाच १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट झाले आणि पती अथवा त्याच्या नातेवाइकांकडून होणारी क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्ता पोलिसांच्याच आवारात बसून पीडितेस मदत करू लागला, हे त्या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. हे प्रारूप पुढे राज्यात अन्यत्रही स्वीकारले गेले.

कलम ४९८-अ मधील तरतुदी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आल्या आहेत. या कलमाने शिक्षेची तरतूद केली. परंतु खटला चालू असताना त्या स्त्रीने राहावयाचे कोठे आणि तिच्या अंगावर पुन्हा हात उगारला गेल्यास काय करावयाचे, हा प्रश्न त्याने सुटला नाही. त्यासाठी २६ ऑक्टोबर २००६ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा अंमलात आला.

जामिनाची अट आणि संरक्षण आदेश

‘साहेबांनी जामीन देताना त्याला ताकीद दिली आहे,’ असे पीडितेस पुष्कळदा सांगितले जाते आणि तेवढ्यावर तिची बोळवण होते. जामिनाची अट आणि संरक्षण आदेश यांतील भेद त्यामुळे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन देताना न्यायालय अटी घालू शकते. साक्षीदारास धमकावू नये, फिर्यादीशी संपर्क साधू नये, विशिष्ट भागात जाऊ नये, अशा त्या अटी असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये याची तरतूद आहे. परंतु अशी अट मोडणे हा आपोआप वेगळा गुन्हा ठरत नाही. जामीन रद्द व्हावा म्हणून न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो, त्यावर सुनावणी होते आणि त्यात दिवस जातात. जामीनपात्र गुन्ह्यात तर जामीन हक्काचाच असल्यामुळे अशा अटींना फारसा वाव नसतो. साध्या दुखापतीचा गुन्हा तर अदखलपात्र आहे. त्याची पोलीस ठाण्यात ‘एन. सी.’ म्हणून नोंद होते आणि बहुधा अटकही होत नाही.

संरक्षण आदेशाचे स्वरूप निराळे आहे. तो पीडितेच्या अर्जावरून, तिच्याच संरक्षणासाठी दिला जातो. आरोपीवर कोणते कलम लागले, ते जामीनपात्र आहे काय, त्यास अटक झाली काय, या गोष्टींवर तो अवलंबून नाही. पती मोकळा असला तरी आदेश मिळतो आणि तो कोठडीत असला तरीही मिळतो. सर्वांत महत्त्वाची बाब ही की, हा आदेश मोडणे हाच एक स्वतंत्र गुन्हा आहे. कलम ३१ प्रमाणे त्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ३२ प्रमाणे हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. अर्थात आदेशाची प्रत ठाण्यात असेल, तर पोलिसांना न्यायालयाच्या नव्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. एकट्या पीडितेच्या साक्षीवरूनही न्यायालय गुन्हा शाबीत झाला असा निष्कर्ष काढू शकते.

आदेशात काय असते

अधिनियमाच्या कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. हिंसाचार करण्यास किंवा त्यास मदत करण्यास, पीडितेच्या नोकरीच्या ठिकाणी अथवा मुलांच्या शाळेत जाण्यास, दूरध्वनीने वा अन्य मार्गाने तिच्याशी संपर्क साधण्यास, तसेच तिचे स्त्रीधन किंवा सामाईक बँक खाते व लॉकर यांची विल्हेवाट लावण्यास या आदेशाने मनाई करता येते. तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना त्रास देण्यासही मनाई करता येते. ही तरतूद महत्त्वाची आहे. कारण लेकीला आसरा देणाऱ्या माहेरच्या माणसांवरच पुष्कळदा राग काढला जातो.

कलम १९ निवासाविषयी आहे. घर पीडितेच्या नावावर नसले तरी सामाईक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, आणि गरज असल्यास पतीनेच घराबाहेर राहावे असा आदेश देता येतो. सासू, नणंद आदी स्त्रियांना मात्र घराबाहेर जाण्याचा आदेश देता येत नाही. सामाईक घर सासऱ्याच्या मालकीचे असले तरी हा हक्क नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा प्रकरणात स्पष्ट केले. पीडितेस संरक्षण देण्याचा किंवा आदेशाच्या अंमलबजावणीस साहाय्य करण्याचा हुकूम नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास देण्याची तरतूदही याच कलमात आहे.

पहिले तीन दिवस

अर्ज दाखल झाल्यावर पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कलम १२ म्हणते. परंतु अटक झालेली व्यक्ती चोवीस तासांत घरी परतू शकते. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी कलम २३ आहे. हिंसाचार घडला आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे, असे अर्जावरून प्रथमदर्शनी दिसले, तर न्यायदंडाधिकारी पीडितेच्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे, प्रतिवादीस न ऐकताच अंतरिम आदेश देऊ शकतात. तातडीचा संरक्षण आदेश तो हाच.

त्यासाठी लागणारी कागदपत्रे २००६ च्या नियमांत नमुन्यांसह दिली आहेत. नमुना १ हा कौटुंबिक घटना अहवालाचा, नमुना २ अर्जाचा, नमुना ३ एकतर्फी आदेशासाठीच्या प्रतिज्ञापत्राचा आणि नमुना ५ सुरक्षा आराखड्याचा आहे. सुरक्षा आराखड्यात पीडितेस कोणता धोका वाटतो व त्यावर कोणता उपाय हवा, हे लिहावयाचे असते. व्यवहारात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते नमुना ३ कडे. अर्ज केला जातो. पण प्रतिज्ञापत्र जोडले जात नाही. परिणामी नोटीस काढून पुढील तारीख दिली जाते आणि नेमका धोक्याचा काळ संरक्षणावाचून जातो.

घटना अहवाल तयार झालेला नाही म्हणून अर्ज थांबवून ठेवण्याचे कारण नाही. पीडितेने स्वतः अर्ज केला असेल, तर अहवालावाचूनही न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२२ रोजी प्रभा त्यागी प्रकरणात सांगितले आहे. तसेच कलम २६ प्रमाणे, दोघांमध्ये चालू असलेल्या दिवाणी, कौटुंबिक किंवा फौजदारी न्यायालयातील कामकाजातही हीच दाद मागता येते.

अर्ज कोठे करावयाचा, याविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. समजा, बारामती तालुक्यातील एखादी विवाहित स्त्री मारहाणीनंतर मुलांसह पुण्यात हडपसर येथे भावाकडे आली. पतीवर गुन्हा बारामतीकडे नोंदविला गेला व तेथेच त्यास अटक झाली. तरीही संरक्षण आदेशासाठी तिने बारामतीस खेटे घालण्याचे कारण नाही. ती जेथे तात्पुरती राहते तेथील न्यायदंडाधिकाऱ्यास कलम २७ प्रमाणे अधिकारिता असल्यामुळे, तिला पुण्यातच अर्ज करता येतो. आदेश भारतात सर्वत्र अंमलात आणता येतो. आदेशाच्या प्रती पक्षकारांना व संबंधित पोलीस ठाण्यास विनामूल्य द्याव्या लागतात. सासरच्या व माहेरच्या अशा दोन्ही हद्दींतील ठाण्यांत प्रत पोहोचली आहे, याची खातरजमा करणे हिताचे असते.

संरक्षण अधिकाऱ्याचे कार्य

या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे संरक्षण अधिकारी होय. राज्यात हे काम महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत चालते आणि विभागाचे आयुक्तालय पुण्यातच आहे. घटना अहवाल तयार करणे, अर्ज लिहिण्यास मदत करणे, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळवून देणे, वैद्यकीय तपासणी व निवारा यांची सोय करणे, नोटीस जास्तीत जास्त दोन दिवसांत बजावणे, ही त्याची कर्तव्ये आहेत. स्त्रियांना मोफत विधी सेवा मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तातडीच्या प्रसंगी काय करावयाचे, हे नियम ९ मध्ये सांगितले आहे. हिंसाचार चालू आहे किंवा होण्याचा संभव आहे, अशी विश्वसनीय माहिती दूरध्वनीने किंवा ई-मेलने मिळाली, तर संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांची मदत घेऊन घटनास्थळी जावे, अहवाल नोंदवावा आणि तो विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यापुढे ठेवावा. कारणाशिवाय कर्तव्यात कसूर करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यास कलम ३३ खाली शिक्षेची तरतूद आहे. मात्र त्यासाठी राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते. अनेक ठिकाणी हे काम अन्य पदाचा भार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडेच राहिले, ही उणीव देशभर जाणवली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी निश्चित करण्याचे निर्देश राज्यांना दिले, ते याच कारणाने.

पोलिसांचे कर्तव्य कलम ५ मध्ये आहे. तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीस संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी, मोफत विधी सेवा आणि फौजदारी फिर्याद या चारही गोष्टींची माहिती देणे पोलीस अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. फिर्याद नोंदविली म्हणून ही माहिती देण्याचे कर्तव्य संपत नाही. ज्या दिवशी आरोपीस रिमांडसाठी न्यायालयात नेले जाते, त्याच दिवशी पीडितेचा अर्जही न्यायालयात पोहोचला, तर कायद्याचा हेतू खऱ्या अर्थाने सफल होईल. पोलीस ठाणे, संरक्षण अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरण यांनी एकमेकांना वेळेवर कळविले तर हे साधण्यास नवा कायदा लागत नाही.

सुटकेची वार्ता

आरोपीस जामीन मिळाल्याचे पीडितेस पुष्कळदा तो समोर उभा राहिल्यावरच कळते. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १८ मार्च २०२१ रोजीचा अपर्णा भट प्रकरणातील निर्णय प्रत्येक ठाण्यात माहीत असावयास हवा. स्त्रीविषयक गुन्ह्यांतील जामिनासंबंधी या निर्णयात निर्देश दिले आहेत. आरोपीने पीडितेशी संपर्क ठेवावा अशा स्वरूपाच्या अटी घालू नयेत. छळाचा संभव असल्यास संरक्षणाचा विचार करून योग्य तो आदेश द्यावा. जामीन मंजूर होताच फिर्यादीस तत्काळ कळवावे आणि जामीन आदेशाची प्रत दोन दिवसांत तिला द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. एका दूरध्वनीने पार पडणारे हे काम आहे. पण त्या एका निरोपामुळे पीडितेस दोन दिवस दुसरीकडे राहावयास जाण्याची किंवा ठाण्यास सावध करण्याची सवड मिळते.

घराबाहेरील पीडित

कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाची एक मर्यादा आहे. पीडित स्त्री व प्रतिवादी यांच्यात कौटुंबिक नाते असेल तरच तो लागू होतो. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचा एखाद्या परक्याने पाठलाग केला, तर या अधिनियमाखाली आदेश मिळत नाही. पाठलागाचा पहिला गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे जामीनपात्र आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास तो अजामीनपात्र होतो. शिक्षणासाठी दूरदूरहून मुली जेथे येऊन राहतात, त्या पुण्यासारख्या शहरात ही उणीव विशेष जाणवते.

अशा प्रकरणांत अन्य मार्गांचा अवलंब करावा लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली, ज्यास व्यवहारात ‘चॅप्टर केस’ म्हणतात, शांतता राखण्याबद्दल एक वर्षापर्यंतचे बंधपत्र घेता येते. चौकशी चालू असतानाही अंतरिम बंधपत्र घेता येते. पुणे शहरात १ जुलै १९६५ पासून पोलीस आयुक्तालय असल्याने हे अधिकार आयुक्तालयातील अधिकाऱ्यांकडेच आहेत. सराईत गुन्हेगारास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येते. मात्र त्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे लागत असल्याने हा उपाय तातडीचा नाही.

साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ हा तिसरा मार्ग होय. सर्वोच्च न्यायालयाने महेंदर चावला प्रकरणात ५ डिसेंबर २०१८ रोजी तिला मान्यता दिली. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करावयाचा असतो. पोलिसांनी धोक्याचा अहवाल कामकाजाच्या पाच दिवसांत द्यावा, आणि निकड असल्यास समितीने अंतरिम संरक्षण द्यावे, अशी तीत तरतूद आहे. पीडित व्यक्ती हीच बहुधा मुख्य साक्षीदार असते. तथापि या योजनेचा लाभ मागता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

अन्य देशांतील व्यवस्था

काही देशांनी तातडीच्या आदेशाचा पहिला अधिकार पोलिसांकडेच दिला आहे. ऑस्ट्रियात १ मे १९९७ पासून हिंसा करणाऱ्यास घराबाहेर काढून काही दिवस परत येण्यास मनाई करण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. इंग्लंड व वेल्समध्ये मार्च २०१४ मध्ये सर्वत्र लागू झालेल्या पद्धतीत वरिष्ठ पोलीस अधिकारी मनाईची नोटीस देतो, अठ्ठेचाळीस तासांत प्रकरण न्यायालयापुढे जाते, आणि न्यायालय चौदा ते अठ्ठावीस दिवसांचा आदेश देऊ शकते. तेवढ्या अवधीत पीडितेस पुढील निर्णय शांतपणे घेता येतो, हा त्यामागील विचार आहे.

आपल्याकडे हा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याचा आहे. एकतर्फी आदेश हे प्रभावी साधन असल्याने त्यावर न्यायालयाचे नियंत्रण असणे युक्तच आहे. प्रतिवादीस नंतर आपले म्हणणे मांडता येते, परिस्थिती बदलल्यास आदेशात फेरबदल मागता येतो आणि तीस दिवसांत सत्र न्यायालयाकडे अपीलही करता येते. परंतु त्यामुळेच संरक्षण किती लवकर मिळेल, हे कागदपत्रे न्यायालयापर्यंत किती लवकर पोहोचतात यावर अवलंबून राहते.

शिक्षक आणि पंचायत सदस्य

हिंसाचाराची माहिती संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही देऊ शकतो. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे अभिवचन कलम ४ देते. शाळेत गप्प गप्प राहणारे किंवा अंगावर वळ घेऊन येणारे मूल शिक्षकाच्या नजरेस सर्वांआधी पडते. न्यायालयाने एखाद्यास मुलांच्या शाळेत जाण्यास मनाई केली असेल, तर त्या आदेशाची प्रत मुख्याध्यापकांकडे असणे अगत्याचे आहे. एरवी वडील म्हणून आलेल्या माणसाच्या हाती मूल सोपविले जाण्याचा संभव असतो.

पंचायत सदस्यांकडे अशी प्रकरणे प्रथम येतात ती समेटासाठी. समेट घडविण्याचा हेतू चांगला असतो. परंतु जामिनावर सुटलेल्या माणसासमोर पीडितेस बसवून ‘झाले गेले विसरा’ असे सांगणे तिच्या जिवावर बेतू शकते. न्यायालयाच्या निर्देशानुसार होणाऱ्या समुपदेशनातसुद्धा हिंसेचे समर्थन ऐकून घेतले जात नाही, असा नियम आहे. संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक, तसेच तातडीच्या मदतीचा ११२, महिला साहाय्याचा १८१ आणि विधी सेवेचा १५१०० हे क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिले, तर पंचायतीने मोठेच काम केले असे म्हणावे लागेल.

आरोपीस शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम आहे आणि त्यास वेळ लागणार. तोपर्यंत पीडित व्यक्तीस निर्भयपणे राहता यावे, एवढी तजवीज कायद्याने केलेली आहे. ती तिच्या दारापर्यंत पोहोचविण्याचे उत्तरदायित्व ठाणे, कार्यालय, शाळा आणि पंचायत या सर्वांवर आहे. आणि अटकेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांतच त्याची खरी कसोटी लागते.